अमेरिकेच्या पहिल्या सिनेटची ज्येष्ठता यादी कशी तयार करावी

जून २०२४ मध्ये अठराव्या लोकसभेचा हंगामी अध्यक्ष कोण व्हावा, यावरून दिल्लीत वाद झाला. केरळचे कोडिकुन्नील सुरेश आठव्यांदा निवडून आले होते, पण मधल्या दोन निवडणुका ते हरले होते. ओडिशाचे भर्तृहरी महताब सातव्यांदा आले होते, आणि त्यांच्या सातही खेपा सलग होत्या. सरकारने सलग सेवा धरली, विरोधकांनी एकूण सेवा धरली. आकड्यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. भांडण होते ते नियमावर.

संसदीय इतिहासाची आवड असलेल्या, याद्या आणि तक्ते तयार करणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. विषय आहे अमेरिकेची पहिली सिनेट, म्हणजे ४ मार्च १७८९ ते ३ मार्च १७९१ या दोन वर्षांतले सिनेटर. कोण कोणाच्या आधी, हे तिथे ठरवायला गेलात तर वरचाच प्रश्न फार तीव्रपणे समोर येतो. सभागृहच नवे कोरे असल्यामुळे जुना-नवा हा भेद करायला काहीच हाताशी नसते. माझे ठाम मत आहे की ज्येष्ठता कागदपत्रांत सापडत नसते, ती नियमातून निघते. म्हणून नियम आधी लिहून काढायचा आणि नावांना नंतर हात घालायचा. बहुतेक चुकीच्या याद्या हा क्रम उलटा केल्यामुळे चुकलेल्या असतात.

आधी यादीची तारीख ठरवा

"पहिल्या सिनेटची ज्येष्ठता यादी" एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या दिवशीची? या दोन वर्षांत एकूण २९ माणसे सिनेटर होती, पण एका वेळी २६ पेक्षा जास्त कधीच नव्हती, आणि सुरुवातीला तर २० च होती. एक सिनेटर वारला, एकाने राजीनामा दिला, एक जण काही महिन्यांपुरता नेमला गेला, दोन राज्ये उशिरा संघराज्यात आली. त्यामुळे दोन प्रकारच्या याद्या संभवतात. एक, ठरावीक दिवशी सभागृहात असलेल्यांची. दुसरी, पूर्ण कालावधीत येऊन गेलेल्या सगळ्यांची. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांची सरमिसळ झाली की मृत सदस्याचा क्रमांक जिवंताच्या वर लागतो आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. या लेखात मी ३ मार्च १७९१ ही अखेरची तारीख धरून चालतो आणि गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवतो.

तीन तारखांचा तक्ता

प्रत्येक नावासमोर किमान तीन तारखा हव्यात: राज्याच्या विधिमंडळाने निवड केली ती, मुदत सुरू झाली ती, आणि सदस्य प्रत्यक्ष सभागृहात येऊन बसला ती. (त्या काळी सिनेटरांची निवड जनता करत नसे, राज्यांची विधिमंडळे करत. थेट निवडणूक १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आली.) याशिवाय राज्य, गट, मुदत संपल्याची तारीख आणि संपण्याचे कारण असे रकाने ठेवा.

शपथेची तारीख मात्र या कामात धरू नका. आपल्याकडे शपथेला मोठे महत्त्व असल्यामुळे मराठी वाचकाचा हात आपोआप तिकडे जातो. पण पहिली सिनेट भरली तेव्हा शपथेचा मजकूर ठरवणारा कायदाच नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सही केलेला पहिला कायदा हा शपथेचाच, तारीख १ जून १७८९. म्हणजे एप्रिलपासून काम करणाऱ्या सिनेटरांनी शपथ घेतली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. तिच्यावरून ज्येष्ठता लावली तर मार्चमध्ये आलेला आणि मे महिन्यात आलेला एकाच पायरीवर येतात.

मुख्य आधार सिनेटची कामकाजाची नोंदवही. तिच्यात कोण कोणत्या दिवशी आला, त्याने निवडीचे पत्र सादर केले आणि तो आपल्या जागी बसला, हे एकेका ओळीत लिहिलेले आहे. भाषणे मात्र तिच्यात नाहीत. सिनेटची दारे १७९५ पर्यंत लोकांसाठी बंद होती, त्यामुळे आतल्या वादविवादाचे जे सलग वर्णन मिळते ते पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांच्या रोजनिशीतून. ती २४ एप्रिल १७८९ पासून सुरू होते. माणसे कळायला ती फार मोलाची आहे, पण तारखांचा निकाल नोंदवहीवरच लावा.

४ मार्चचा पेच

नव्या राज्यघटनेनुसार कारभार सुरू व्हायचा दिवस होता ४ मार्च १७८९. ठिकाण न्यूयॉर्कमधले फेडरल हॉल. अकरा राज्यांनी घटना मंजूर केलेली, म्हणजे सिनेटच्या २२ जागा आणि गणपूर्तीला १२ माणसे. त्या दिवशी आठ जण हजर होते: न्यू हॅम्पशरचे जॉन लँग्डन आणि पेन विंगेट, मॅसॅच्युसेट्सचे केलेब स्ट्राँग, कनेक्टिकटचे विल्यम सॅम्युएल जॉन्सन आणि ऑलिव्हर एल्सवर्थ, पेनसिल्व्हेनियाचे विल्यम मॅक्ले आणि रॉबर्ट मॉरिस, आणि जॉर्जियाचे विल्यम फ्यू. आठ जणांना काहीच करता येईना. ते रोज जमत आणि उठून जात. ११ मार्चला त्यांनी गैरहजर सदस्यांना पत्र धाडले की लवकर या.

१९ मार्चला न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन आले, २१ ला डेलावेअरचे रिचर्ड बॅसेट, २८ ला न्यू जर्सीचे जोनाथन एल्मर. बारावे म्हणून व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली ६ एप्रिलला पोहोचले आणि गणपूर्ती झाली. त्याच दिवशी लँग्डन यांना हंगामी सभापती निवडून राष्ट्राध्यक्षपदाची मते मोजली गेली. पुढे १३ एप्रिलला साउथ कॅरोलायनाचे राल्फ इझार्ड, मेरीलँडचे चार्ल्स कॅरोल आणि डेलावेअरचे जॉर्ज रीड आले, १४ ला मॅसॅच्युसेट्सचे ट्रिस्ट्रम डाल्टन, २० ला मेरीलँडचे जॉन हेन्री. मग थेट २० मे रोजी जॉर्जियाचे जेम्स गन, २१ मे रोजी व्हर्जिनियाचे विल्यम ग्रेसन, आणि ८ जूनला साउथ कॅरोलायनाचे पियर्स बटलर.

हे वाचल्यावर आगमनाच्या क्रमाने यादी लावावी असे कुणालाही वाटेल. पण मुदत त्या दिवसापासून सुरू झाली नव्हती. मे १७९० मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने हा प्रश्न स्पष्टपणे सोडवला: मुदत ४ मार्च १७८९ ला सुरू झाली आणि पहिल्या काँग्रेसची (सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून होणाऱ्या संसदेची) अखेर ३ मार्च १७९१ ला होणार. जो जूनमध्ये पोहोचला त्याचीही मुदत ४ मार्चपासूनच.

याचा एक सुंदर पुरावा त्याआधीच्याच वर्षात आहे. राज्यघटनेप्रमाणे सिनेटरांचे तीन गट पाडून एका गटाची मुदत दोन वर्षांनी, दुसऱ्याची चार आणि तिसऱ्याची सहा वर्षांनी संपवायची होती. १४ मे १७८९ रोजी सिनेटने गट पाडले, आणि एका राज्याचे दोघे एका गटात येणार नाहीत याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी १, २, ३ असे आकडे लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या पेटीत टाकल्या आणि प्रत्येक गटाच्या वतीने एकाने एक चिठ्ठी काढली. डाल्टन यांच्या हाती १ आली, विंगेट यांच्या २, लँग्डन यांच्या ३. या गटांमध्ये गन, ग्रेसन आणि बटलर यांचीही नावे होती, आणि १५ मे रोजी तिघांपैकी एकही न्यूयॉर्कला पोहोचलेला नव्हता. सभागृहात पाऊल न टाकलेल्या माणसाच्या मुदतीचा निकाल चिठ्ठीने लागला, याचा अर्थ सिनेटच्या दृष्टीने तो सदस्य होताच.

(राज्यसभेच्या अभ्यासकांना हे ओळखीचे वाटेल. आपल्या राज्यसभेतही पहिल्या सदस्यांच्या मुदती चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि पहिली एक तृतीयांश तुकडी एप्रिल १९५४ मध्ये निवृत्त झाली.)

म्हणून मुदतीची सुरुवात हाच मुख्य निकष धरा. वीस नावे एका रेषेत येतील. ती तशी येऊ द्या.

बरोबरी कशी सोडवायची

इथे सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

आजच्या सिनेटमध्ये एकाच दिवशी आलेल्यांची क्रमवारी लावायला एक ठरलेली उतरंड आहे. साधारणपणे आधी सिनेटर होता का, मग उपराष्ट्राध्यक्ष, मग प्रतिनिधीगृहाचा सदस्य, मग मंत्री, मग गव्हर्नर, आणि तरीही बरोबरी उरली तर राज्याची लोकसंख्या. अनेक जण हीच उतरंड १७८९ ला लावतात. ती का लागू पडत नाही ते पायरी पायरीने पाहा.

माजी सिनेटर कुणीच नाही. माजी उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री किंवा प्रतिनिधीगृहाचा माजी सदस्य असणेही शक्य नाही, कारण ही पदे नुकतीच जन्माला आली होती. काही जण म्हणतात, आधीच्या कॉन्फेडरेशन काँग्रेसमधला अनुभव धरावा. मला ते पटत नाही. ती एकसभागृही होती, तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होते, आणि ती वेगळ्या करारावर उभी होती. तो अनुभव धरायचाच ठरवले तर रिचर्ड हेन्री ली वर जातील, कारण १७८४-८५ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. त्यांच्यासोबत मॉरिस, रीड, कॅरोल हेही पुढे येतील, कारण चौघांनीही १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. ही नावे मानाची खरीच, पण मान वेगळा आणि सिनेटमधली सेवा वेगळी.

गव्हर्नरपदाची पायरी चढायला गेलात तर पदनामांशीच गाठ पडते. न्यू हॅम्पशर आणि डेलावेअरच्या प्रमुखाला त्या काळात 'प्रेसिडेंट' म्हणत. लँग्डन न्यू हॅम्पशरचे प्रेसिडेंट होते, रीड यांनी डेलावेअरचा कारभार कार्यवाहक म्हणून पाहिला होता. त्यांना गव्हर्नर समजायचे का, हा निर्णय तुमचा. घेतलात तर तो यादीच्या डोक्यावर लिहा.

राहिली लोकसंख्या. पहिली जनगणना झाली १७९० मध्ये, गणनेचा दिवस २ ऑगस्ट. म्हणजे ४ मार्च १७८९ ला कोणत्याही राज्याचा अधिकृत आकडा उपलब्ध नव्हता. पर्याय म्हणून घटनेतच दिलेले प्रतिनिधीगृहाचे तात्पुरते वाटप धरता येते: व्हर्जिनिया १०, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनिया प्रत्येकी ८, मेरीलँड ६, कनेक्टिकट आणि साउथ कॅरोलायना ५, न्यू जर्सी ४, न्यू हॅम्पशर आणि जॉर्जिया ३, डेलावेअर १. पण यातही राज्यांच्या जोड्या समसमान. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे आपली वीस नावे बरोबर दहा राज्यांची आहेत, प्रत्येकी दोन. राज्याचा कोणताही आकडा लावला तरी त्या राज्याचे दोघे बरोबरीतच राहणार. ज्या निकषाने एकही जोडी सुटत नाही तो निकष इथे कामाचा नाही.

उरतो वर्णानुक्रम. अमेरिकेतल्या बऱ्याच याद्या हाच वापरतात, आणि त्या यादीत बॅसेट पहिले व बटलर दुसरे दिसतात. बटलर, जे वीस जणांत सर्वांत शेवटी पोहोचले! वर्णानुक्रम वापरायला हरकत नाही, फक्त वाचकाला तो क्रमांक कर्तृत्वाचा वाटू नये.

मराठीत यादी करणाऱ्याने इथे आणखी एक काळजी घ्यावी. रोमन लिपीत अकरावे येणारे इझार्ड देवनागरीत पहिले येतात, आणि दहावे असलेले हेन्री 'ह' मुळे सर्वांत खाली जातात. एल्सवर्थ आणि एल्मर यांचीही अदलाबदल होते. म्हणून वर्णानुक्रम कोणत्या लिपीचा, हे ठरवून तसे लिहा. मी मूळ रोमन क्रम ठेवण्याच्या बाजूचा आहे, म्हणजे इतर याद्यांशी ताडून पाहताना क्रमांक जुळतात.

पण माझी खरी शिफारस वेगळी आहे. सगळ्यांना सामायिक पहिला क्रमांक द्या आणि त्या गटाच्या आत नावे हजेरीच्या क्रमाने लिहा, हजेरीची तारीख शेजारच्या रकान्यात ठेवून. पहिले आठ जण आणि १३ एप्रिलचे तिघे तिथेही बरोबरीत राहतील, त्यांच्यापुरता वर्णानुक्रम लावा. यामुळे नियम मोडत नाही आणि त्या वसंत ऋतूत माणसे कशी एकेक करून जमली तेही तक्त्यातच दिसते.

उशिरा आलेली राज्ये

न्यूयॉर्कने घटना मंजूर केली होती, पण सिनेटर कसे निवडायचे यावर तिथल्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांचे एकमत होईना. म्हणून ४ मार्चला त्या राज्याच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. जुलै १७८९ मध्ये निवड झाली. रूफस किंग २५ जुलैला येऊन बसले, फिलिप स्कायलर २७ ला. यांची मुदत ४ मार्चपासून धरू नका. ते निवडलेच गेले नव्हते, मग त्या दिवशी सदस्य कसे असतील? आधी निवडलेला पण उशिरा पोहोचलेला बटलर आणि निवडच उशिरा झालेला किंग यांच्यातला हा फरक नीट ध्यानात ठेवा. अर्ध्याअधिक चुका इथेच होतात.

नॉर्थ कॅरोलायनाने घटना मंजूर केली २१ नोव्हेंबर १७८९ ला. बेंजामिन हॉकिन्स १३ जानेवारी १७९० ला आणि सॅम्युएल जॉन्स्टन २९ जानेवारीला सभागृहात आले. ऱ्होड आयलंड सर्वांत शेवटी, २९ मे १७९० ला. त्याचे जोसेफ स्टँटन आणि थिओडोर फॉस्टर २५ जूनला बसले. नव्या राज्यांच्या सिनेटरांचे गटही चिठ्ठी काढूनच ठरले. किंग तिसऱ्या गटात गेले आणि १७९५ पर्यंत निश्चिंत झाले, स्कायलर पहिल्या गटात गेले आणि त्यांना १७९१ मध्येच पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. गटाचा ज्येष्ठतेशी थेट संबंध नाही, पण पुढची यादी करताना तो लागतो, म्हणून रकाना भरून ठेवा.

मृत्यू, नेमणूक, राजीनामा

विल्यम ग्रेसन १२ मार्च १७९० ला वारले. पदावर असताना मृत्यू आलेले ते काँग्रेसचे पहिले सदस्य. त्यांच्या जागी व्हर्जिनियाने जॉन वॉकर यांना तात्पुरते नेमले, आणि ९ नोव्हेंबर १७९० ला विधिमंडळाने जेम्स मन्रो यांची निवड केली. हेच मन्रो पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी १३ नोव्हेंबरला राजीनामा दिला, कारण ते राज्याचे गव्हर्नर झाले. त्यांची जागा २३ नोव्हेंबरला फिलेमॉन डिकिन्सन यांना मिळाली. मन्रो आणि डिकिन्सन दोघेही डिसेंबर १७९० मध्ये फिलाडेल्फियाला रुजू झाले. तोवर राजधानी न्यूयॉर्कहून तिकडे हलली होती.

जागा वारशाने मिळते, ज्येष्ठता मिळत नाही. मन्रो यांना ग्रेसन यांचा गट आणि उरलेली मुदत मिळाली, पण क्रमांक शेवटाकडचा. वॉकर यांची नोंद संपूर्ण कालावधीच्या यादीत घ्या, कारण नेमलेला सिनेटर हाही पूर्ण अधिकाराचा सिनेटर असतो. ३ मार्च १७९१ च्या यादीत मात्र ते नसतील.

आता बेरीज करून पाहा. सुरुवातीचे २०, त्यातून ग्रेसन आणि पॅटरसन वजा, उरले १८. हे सगळे सामायिक पहिल्या क्रमांकावर. मग १९ आणि २० वर न्यूयॉर्कचे दोघे, २१ आणि २२ वर नॉर्थ कॅरोलायनाचे, २३ आणि २४ वर ऱ्होड आयलंडचे, २५ वर मन्रो, २६ वर डिकिन्सन. तेरा राज्ये, २६ जागा, एकही रिकामी नाही. बेरीज २६ आली नाही तर कुठेतरी कुणी दोनदा मोजला गेला आहे किंवा राहून गेला आहे.

दोनदा मोजण्याचा धोका नावांच्या साधर्म्यामुळेही असतो. कनेक्टिकटचे विल्यम सॅम्युएल जॉन्सन आणि नॉर्थ कॅरोलायनाचे सॅम्युएल जॉन्स्टन ही दोन माणसे आहेत. देवनागरीत एका 'ट' चा फरक, आणि छापताना तो हटकून गळतो. सिनेटमधले चार्ल्स कॅरोल आणि प्रतिनिधीगृहातले डॅनियल कॅरोल दोघेही मेरीलँडचे. जॉन हेन्री म्हणजे व्हर्जिनियाचे प्रसिद्ध वक्ते पॅट्रिक हेन्री नव्हेत. अशा नावांपुढे राज्य लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राज्यातला ज्येष्ठ सिनेटर

आज प्रत्येक राज्याचा एक ज्येष्ठ आणि एक कनिष्ठ सिनेटर असतो. पहिल्या सिनेटमध्ये हा रकाना फक्त दोनच राज्यांसाठी निर्विवाद भरता येतो: मन्रो आल्यावर व्हर्जिनियात ली ज्येष्ठ, आणि डिकिन्सन आल्यावर न्यू जर्सीत एल्मर ज्येष्ठ. बाकी राज्यांत दोघांची मुदत एकत्र सुरू झालेली किंवा काही दिवसांच्या फरकावर अवलंबून असलेली. तिथे रकाना कोरा ठेवलेला बरा.

या यादीतून सत्ता वाचू नका

ज्येष्ठता यादी पाहिली की वरचा माणूस अधिक वजनदार, असे वाटणे स्वाभाविक आहे. आजच्या सिनेटमध्ये ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण समित्यांची अध्यक्षपदे आणि हंगामी सभापतिपद बहुमतातल्या ज्येष्ठाकडे जाण्याची प्रथा आहे. १७८९ मध्ये यातले काहीही नव्हते. स्थायी समित्या सिनेटने १८१६ मध्ये स्थापन केल्या. त्याआधी एकेका कामापुरती समिती निवडली जाई आणि काम झाले की ती संपे. ज्येष्ठतेने समितीत वर चढण्याची पद्धत त्यानंतर हळूहळू रुजली.

न्यायव्यवस्थेच्या कायद्याचेच पाहा. गणपूर्ती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, त्यासाठी समिती नेमली गेली. तिच्यात ली होते, जे आदल्या दिवशी बाराव्या क्रमांकाने आले होते, आणि १२ जूनला समितीच्या वतीने विधेयक मांडले तेही ली यांनीच. मसुद्याचे मोठे काम एल्सवर्थ आणि पॅटरसन यांनी केले. तिघेही तिथे होते ते कायद्याची जाण आणि प्रतिष्ठा यांच्या बळावर. हंगामी सभापती लँग्डन हेही वयाने सर्वांत मोठे नव्हते. वयाने ज्येष्ठ होते १७२७ साली जन्मलेले जॉन्सन. भत्त्यातही फरक नव्हता. सप्टेंबर १७८९ च्या कायद्याने प्रत्येक सिनेटरला हजेरीच्या दिवसाला ६ डॉलर ठरले, आणि प्रवासखर्च वेगळा.

म्हणून यादीच्या वर एक छोटी टीप द्या. मी अशी लिहितो: "क्रम मुदतीच्या प्रारंभानुसार. ४ मार्च १७८९ पासूनच्या सदस्यांना सामायिक क्रमांक. त्यांच्यातील मांडणी हजेरीच्या तारखेनुसार, एकाच दिवशी हजर झालेल्यांची रोमन वर्णानुक्रमे. कॉन्फेडरेशन काँग्रेसमधील सेवा धरलेली नाही. यादी ३ मार्च १७९१ या दिवसाची." एवढ्याने वाचकाचे निम्मे प्रश्न सुटतात, आणि ज्याला वेगळा नियम हवा त्याला आपली यादी स्वतः फिरवून घेता येते.

पुढच्या दिवशीची यादी

नियम टिकतो का हे पाहायचे तर ४ मार्च १७९१ ची यादी करून पाहा. पहिल्या गटाच्या नऊ जागांची मुदत आदल्या दिवशी संपली. एल्सवर्थ, रीड, कॅरोल, फॉस्टर आणि मन्रो पुन्हा निवडले गेले. त्यांची सेवा सलग, म्हणून क्रमांक जुनाच. डाल्टन यांच्या जागी जॉर्ज कॅबट, एल्मर यांच्या जागी जॉन रदरफर्ड आणि स्कायलर यांना हरवून आरन बर हे तिघे आले आणि एकाच दिवशी शेवटच्या पायरीवर बसले. पहिल्या गटाचे नसूनही जॉन्सन यांनी याच सुमारास राजीनामा दिला. त्यांची जागा रॉजर शर्मन यांना जूनमध्ये मिळाली, तेव्हा शर्मन यांना ४ मार्चच्या यादीत घेऊ नका. व्हरमाँट त्याच दिवशी संघराज्यात आले, पण त्याचे सिनेटर ऑक्टोबरमध्ये निवडले गेले.

नववी जागा मॅक्ले यांची. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचे एकमत न झाल्याने ती १७९३ पर्यंत रिकामी राहिली. अशा जागेची ओळ तक्त्यात ठेवा, क्रमांक देऊ नका. पुढे तिथे आल्बर्ट गॅलटिन आले आणि डिसेंबर १७९३ मध्ये बसले, पण नागरिकत्वाला नऊ वर्षे पूर्ण न झाल्याचा आक्षेप आला आणि २८ फेब्रुवारी १७९४ ला सिनेटने १४ विरुद्ध १२ मतांनी त्यांची निवडच रद्दबातल ठरवली. निवड मुळातच अवैध ठरल्यामुळे त्यांना क्रमांक देता येत नाही. पण ते तीन महिने सभागृहात बसले होते, हे नोंदवहीत आहे. मी त्यांचे नाव तळटीपेत, दोन्ही तारखांसह ठेवतो, आणि त्या जागेची सेवा १७९४ मध्ये निवडल्या गेलेल्या जेम्स रॉस यांच्यापासून मोजतो.